फर्माईशीत नसलेलं गाणं

मागं अमरावतीला एका कार्यक्रमात एक प्राध्यापक बोलले. विषय होता लोकवाद्यं आणि विद्रोह. ते म्हणाले, डफडं हे दलितांच्या विद्रोहाचं प्रतीक आहे, त्याच्या कातड्यात हजारो वर्षांचा आक्रोश भरलेला आहे. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या आणि मग कळवळून हात मागं घेतले. आदल्या रात्री परतवाड्याच्या एका लग्नात मी चार तास साईड ड्रम वाजवला होता. उजव्या हाताच्या दोन बोटांना फोड आले होते. त्या चार तासांत विद्रोह नेमका कुठं होता, हे मी खुर्चीत बसून आठवून राहिलो. सापडला नाही. म्हणून हा लेख.

आधी माझं सांगतो, म्हणजे हा कोण बोलून राहिला ते तुम्हाला कळेल. मी धारणीचा. नांदगाव पेठच्या एमआयडीसीत एका सूतगिरणीत ठेकेदारामार्फत रिंगफ्रेमवर आहे. शाळा दहावीत सुटली. पुढचं शिक्षण वाचनालयात आणि तुमच्यासारख्या दोस्तांनी दिलेल्या पुस्तकांत. कविता लिहितो. आणि तुळशीच्या लग्नापासून पाऊस पडेपर्यंत, पाळ्या बदलून, खाडे टाकून, बँडमध्ये वाजवतो. गिरणीच्या पगारात घरभाडं आणि किराणा निघतो. बहिणीची फी बँडमधून निघते.

आपल्याकडं कवितेची समीक्षा होते, आत्मकथनाची होते, आता सिनेमाचीही होते. वरातीची होत नाही. प्रस्थापित समीक्षकाला ती गोंगाट वाटते आणि आपल्या समीक्षकाला ती चैन वाटते. पण जो माणूस जन्मात पुस्तक उघडत नाही, तोही वर्षाला दहा वराती ऐकतो. गावानं काय ऐकायचं आणि काय ऐकायचं नाही, याचा निवाडा मासिकात होत नाही. तो चौकात, नवरदेवाच्या घोड्यापुढं होतो. तेव्हा समीक्षा करायचीच तर तिथून करू.

आमचा बँड म्हणजे चौदा माणसं. मास्टर मातंग समाजाचे, साठी ओलांडलेले. त्यांचा ट्रंपेट मेरठचा. देशभरातल्या बँडची पितळी वाद्यं मेरठच्या जली कोठी भागात बनतात. क्लॅरनेटवर बुऱ्हाणपूरचे एक चाचा. ढोलावर धारणीजवळच्या गावचा एक कोरकू पोरगा. बाकी आम्ही बौद्ध आणि मातंग पोरं. आता पितळ मागं पडलं. मॅटाडोरवर जनरेटर, भोंगे, कॅसिओ आणि ऑक्टोपॅड आलं. लोक त्याला धुमाल म्हणतात. अंगात लाल डगला, खांद्यावर सोनेरी झालर. हा डगला लष्कराच्या बँडवरून आला. सुभेदार रामजींच्या पिढीला लष्करी डगल्यानं मान दिला, पगार दिला, पेन्शन दिली. आमचा डगला रात्री बाराला घामानं ओला होऊन पेटीत जातो. मान त्याच्याबरोबर पेटीत जात असेल असं म्हणावं, तर तो आधी अंगावर तरी असायला पाहिजे.

धंद्याची रीत अशी. यजमान बयाना देतो. मास्टर तारीख लिहितो. ठरलेल्या रकमेतून गाडी, डिझेल, लाइटा डोक्यावर धरणाऱ्या बायांची मजुरी वजा होते. माझ्या वाट्याला एका वरातीचे सातशे येतात. वर नवरदेवावरून ओवाळून फेकलेल्या नोटा. त्या वाकून उचलाव्या लागतात. वाजवता वाजवता वाकायचं आणि ताल सोडायचा नाही, ही आमच्या कलेतली सगळ्यात अवघड गोष्ट. एकाही संगीतसमीक्षकानं तिच्यावर लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

मास्टरांकडं एक डायरी आहे. तिच्यात गाण्यांची यादी, तीन भागांत. जानोशावरून निघतानाची, चौकातली आणि मांडवाच्या दारातली. शेवटच्या दोन पानांवर भीमगीतं आहेत. त्या दोन पानांना मास्टर रबर लावून ठेवतात. 14 एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला रबर निघतं. आपल्या लग्नात निघतं. एरवी नाही. मी या डायरीला आमच्या भागातला सगळ्यात खरा वाङ्मयेतिहास मानतो. कोणतं गाणं कुणाच्या दारात वाजतं आणि कोणतं रबराखाली राहतं, एवढं तिच्यातून स्पष्ट कळतं.

यादीतलं एक गाणं घेऊ. 29 एप्रिल 2016 ला 'सैराट' आला. नागराज मंजुळेंचा सिनेमा, अजय-अतुलचं संगीत. त्यातल्या गाण्यांसाठी अमेरिकेत जाऊन सिंफनीचा वाद्यवृंद वापरला, याचं मोठं कौतुक झालं. ते योग्यच. पण त्यातलं 'झिंगाट' पुढं कुठं गेलं ते बघा. मच्छीमाराच्या घरातला पोरगा, पाटलाची पोरगी. शेवटी पोरीची माणसं भेटवस्तू घेऊन येतात, दोघांना मारून जातात आणि लेकरू रक्तातून चालत बाहेर येतं. त्याच सिनेमाचं गाणं गेली कितीतरी वर्षं आम्ही पाटलांच्या वरातीत वाजवतो. एका रात्रीत तीन-तीनदा. ज्यांच्या घरात जातीबाहेर पाहणाऱ्या पोरीचं शिक्षण बंद होतं, ते बाप त्या तालावर खांदे उडवतात. 2018 च्या हिंदी 'धडक'नंही तेच गाणं उचललं.

मग सिनेमा फसला का? मी तसं म्हणणार नाही. शेवटच्या पाच मिनिटांत थेटरात जी शांतता झाली, ती मी स्वतः बसून ऐकली आहे. पण वरातीनं त्या सिनेमाची समीक्षा केली, आणि ती अशी: ताल ठेवला, प्रेत टाकून दिलं. आमच्या कलेचं हे लोक असंच करतात. जे नाचवतं ते घेतात, जे बोचतं ते परत पाठवतात. तेव्हा दलित कलावंताची कृती लोकप्रिय झाली म्हणून जल्लोष करण्याआधी विचारा, तिच्यातला कुठला तुकडा लोकप्रिय झाला?

दुसरं उदाहरण प्रल्हाद शिंदेंचं. त्यांनी विठ्ठलाची गाणी गायली, कव्वाली गायली आणि भीमगीतंही गायली. गळा तोच. त्यांची भक्तिगीतं आजही पहाटे देवळांच्या भोंग्यावर लागतात आणि कुणी गायकाची जात विचारत नाही. तोच आवाज भीमगीत गायला लागला की वस्तीबाहेर जाताना आवाज कमी करावा लागतो. वामनदादा कर्डकांना अक्षरओळख उशिरा झाली, पण त्यांनी हजारो गाणी लिहिली. ते आणि प्रल्हाद शिंदे, दोघंही 2004 साली गेले. महाराष्ट्रातल्या किती वरातींत वामनदादांचं गाणं वाजलं, असा हिशोब केला तर आपल्या लग्नांबाहेर आकडा हलणार नाही.

कुणी म्हणेल, ही आवडीनिवडीची गोष्ट आहे. तर ऐका. मे 2015 मध्ये शिर्डीत एका लग्नाला आलेल्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. वाद सुरू झाला मोबाईलमध्ये वाजलेल्या बाबासाहेबांवरच्या गाण्यावरून. 1 जून 2023 ला नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत एका बौद्ध तरुणाला मारलं. त्यानं गावात भीमजयंती साजरी केली याचा राग होता आणि त्या संध्याकाळी गावात तलवारी नाचवणारी वरात चालली होती, अशी फिर्याद आहे. वरात म्हटली की वाजवणारा आला. त्या वाजवणाऱ्याच्या जागी मी स्वतःला ठेवून बघतो. हातातल्या काड्या कधी थांबवल्या असत्या मी?

आता माझ्यावर गुदरलेलं सांगतो. गावाचं नाव सांगत नाही, त्या गावात आपली चार घरं आहेत. वरात चौकात होती. चाचांनी क्लॅरनेटवर एक धून धरली. शब्द नाहीत, नुसती धून. मी ओळखली, ढोलवाल्यानं ओळखली, आणि हात आपोआप चालू लागले. चाचांना तर ते भीमगीत आहे हे ठाऊकही नव्हतं. जयंतीला वाजवून वाजवून बोटांत बसलेलं. आणि मित्रहो, सगळी वरात नाचली. नवरदेवाचे मामा घोड्यापुढं बसून नागीण झाले. पाच-सात मिनिटं असं चाललं. मग एका पोराच्या ध्यानात आलं. तो ओरडला, "अबे, हे तर यांच्या जयंतीचं हाय!" नाचणारे पाय जागच्या जागी थांबले. जे आत्ता नोटा ओवाळत होते त्यांनी माझ्या ड्रमवर लाथ घातली. कातडं फाटलं. मास्टरांनी हात जोडले. ठरलेल्या पैशातून निम्मे कापले आणि पंगतीला न बसवता आम्हाला वाटेला लावलं. घाटांग, सेमाडोह, हरिसाल, सगळा घाट आम्ही उपाशी आलो.

त्या रात्री मला संगीताबद्दल जे कळलं ते कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. धुनेला जात नव्हती. पाच-सात मिनिटं ती सगळ्यांची होती आणि त्यांच्या पायांनी तिला दाद दिली होती. नाव कळलं तेव्हा ती बाटली. आपली निम्मी भीमगीतं सिनेमाच्या चालींवर आहेत आणि त्याबद्दल पांढरपेशे समीक्षक नाक मुरडतात, की यात स्वतंत्र रचना कुठं आहे? त्यांना मी सांगीन, चौकात येऊन बघा. चाल उसनी आहे हे कुणाला खुपत नाही. खुपतं ते त्यात बसवलेलं नाव. म्हणजे आमच्या शायरांनी नवं काय आणलं, ते लाथ मारणाऱ्याला बरोबर समजलं. समीक्षकाला मात्र अजून समजायचं आहे.

आपल्या पँथरनं 1972 साली नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्या भावांकडून. त्यांच्याकडून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये कॉटन क्लब होता. 1927 पासून ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद तिथं वाजवायचा. वाजवणारे काळे, नाचणारे काळे, टेबलावर बसून ऐकणारे गोरे. काळ्या माणसाला गिऱ्हाईक म्हणून आत घेत नसत. वऱ्हाडात कापूस पिकवणाऱ्याच्या आणि सूत काढणाऱ्याच्या पोराला त्या क्लबाचं नावच पुरेसं आहे. एलिंग्टन मोठा कलावंत होता, तिथंच मोठा झाला, हेही खरं.

पण 1939 साली बिली हॉलिडेनं त्याच शहरात, कॅफे सोसायटी नावाच्या दुसऱ्या क्लबात, 'स्ट्रेंज फ्रूट' गायलं. झाडाला फाशी दिलेल्या काळ्या माणसांचं गाणं. एबेल मीरोपोल नावाच्या ज्यू शिक्षकानं लिहिलेलं. या क्लबात काळे-गोरे एकत्र बसत. ते गाणं सुरू होण्याआधी वेटरांनी वाढणं थांबवायचं, दिवे मालवायचे, फक्त तिच्या चेहऱ्यावर उजेड ठेवायचा. तिच्या नेहमीच्या रेकॉर्ड कंपनीनं ते काढायला नकार दिला, तेव्हा तिनं दुसऱ्या लहान कंपनीकडून काढलं. त्या गाण्याची फर्माईश कुणी केली नव्हती. ऐकणाऱ्यानं हातातला घास खाली ठेवून ऐकावं, अशी अट क्लबाच्या मालकानंच घातली होती.

आपल्याकडं हे नव्हतं असं नाही. 1930 च्या दशकात भीमराव कर्डकांसारखे शाहीर आंबेडकरी जलसे घेऊन गावोगाव फिरले. जलसा आणि वरात यांत वाद्यं तीच, गळे तेच, घाम तोच. फरक एवढाच की जलशात काय गायचं ते गाणारा ठरवत होता. माझा निकष त्यातून निघतो. डफडं स्वतः विद्रोही नाही आणि लाचारही नाही. ते कुणाच्या फर्माईशीवर वाजतं, ते बघा. प्राध्यापकसाहेब प्रतीक बघतात. बयाना कुणी दिला ते बघत नाहीत.

फर्माईश फक्त पाटलाची नसते. एका कंपनीची बैठक चिखलदऱ्याच्या हॉटेलात होती. आम्हाला रात्रीच्या जेवणाला 'लाइव्ह बँड' म्हणून नेलं. आयोजकानं सांगितलं, गाणी हलकी ठेवा, साहेब लोकांना बोलता आलं पाहिजे. म्हणजे वाजवा, पण ऐकू येऊ देऊ नका. मग त्याची नजर आमच्या कोरकू पोरावर गेली. "तू आदिवासी ना? मग टॉवेल गुंडाळून जरा तुमचं काही दाखव." पोरगा गप्प राहिला. त्याच्या गावात होळीला माणसं परराज्यातल्या मजुरीवरून परत येतात, फगवा मागतात, रात्र-रात्र ढोल-बासरीवर नाचतात. तिथं ओवाळणी नाही, प्रेक्षक नाही. जो आला तो नाचणारा. परत येताना तो मला म्हणाला, "आमच्यात नाच बघत नाय, नाचतात." लोककलेवरच्या व्याख्यानात मी यापेक्षा नेमकं वाक्य ऐकलं नाही.

माझ्या गिरणीच्या वार्षिक कार्यक्रमातही मी एकदा वाजवलं. दिवसा ज्या सुपरवायझरच्या हाताखाली बॉबिन बदलतो, तोच रात्री माझ्यासमोर नाचला आणि माझ्या हातात पन्नासची नोट कोंबून म्हणाला, "कुठले तुम्ही?" डगला घातला की चेहरा जातो.

इथपर्यंत मी दुसऱ्यांबद्दल बोललो. तुम्ही माना डोलावल्या असतील. आता आपल्याबद्दल.

1927 च्या महाडनंतर मेलेली ढोरं ओढू नका, मेलेलं खाऊ नका, लाचारीची कामं सोडा, ही हाक गावोगाव गेली. तिच्या पाठोपाठ कितीतरी गावांत आपल्या लोकांनी गावकीचं वाजवणंही सोडलं. माझ्या आज्यानं सोडलं. त्यापायी मार खाल्ला, गावानं किराणा बंद केला, पण परत गळ्यात अडकवलं नाही. मला त्याचा अभिमान आहे. आणि मीच आज ड्रम गळ्यात घालतो. घरात यावरून वाद झाला. माझं म्हणणं, आज्या वाजवायचा ते बलुतं होतं, नाही म्हणायची सोय नव्हती. मी ठरवून, मजुरी घेऊन वाजवतो. बाप म्हणाला, "मजुरी घेतली म्हनून वाकनं सुटलं काय?" याचं उत्तर माझ्याजवळ अजून नाही.

पण त्याहून मोठा प्रश्न मास्टरांनी विचारला. गेल्या सराईत आम्ही आपल्याच एका लग्नात होतो. स्टेजवर बुद्ध-बाबासाहेबांचा फोटो, वंदना, बावीस प्रतिज्ञांचा फलक. डायरीचं रबर निघालं होतं, मास्टरांनी जीव ओतून वाजवलं. रात्री दहाला पोलिसांच्या धाकानं भोंगे बंद झाले. पंगत बसली. आम्ही बौद्ध पोरं आत जाऊन बसलो, नातेवाईकच होते. मास्टरांना आणि मातंग पोरांना एका कार्यकर्त्यानं, तुमच्या-माझ्यासारख्याच, निळा रुमाल गळ्यात असलेल्या, मॅटाडोरजवळ पत्रावळी नेऊन दिल्या. "वाजंत्रीवाल्यांचं इकडंच करा," असं तो म्हणाला. मी हात धुवून बाहेर आलो. मास्टर चाकाला टेकून जेवत होते. मी माफी मागायला लागलो, तर ते शांतपणे म्हणाले, "तुमच्या आज्यानं गयातलं डफडं फेकलं, चांगलं केलं बाप्पा. पन ते पडलं कुठी? मांगवाड्यात. आता तुमचेच पोट्टे आमाले वाजंत्री म्हनतेत."

मित्रहो, 1958 साली मुंबईत दलित साहित्याचं पहिलं संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन अण्णा भाऊ साठेंनी केलं. मातंग समाजाचा, गिरणीत खपलेला, दीड दिवस शाळा पाहिलेला माणूस. आपण त्यांची जयंती करतो, फोटोला हार घालतो. आणि त्यांच्या जातभावाला चाकाजवळ जेवायला बसवतो. आपल्या कवितेत डफडं इतक्या वेळा कडाडलं आहे. वाजवणारा माणूस त्या कवितेत किती वेळा जेवला? माझ्या स्वतःच्या वहीत डफड्यावर पाच कविता आहेत. त्या रात्री मी त्या वाचल्या. पाचांतही मास्टर नाहीत. मी त्या फाडल्या नाहीत, पण छापायला देणार नाही.

2020 च्या टाळेबंदीत सराई बुडाली. 2021 च्या एप्रिलमध्ये पंचवीस माणसं आणि दोन तास, एवढ्यात लग्न उरकायचा नियम आला. बँडवाल्यांनी ट्रंपेट गहाण टाकले, भाजीचे ठेले लावले. त्या वेळी लोककलेवर बोलणारं कुणी आमच्याकडं फिरकलं नाही, आणि आपल्या संघटनांच्या मदतीच्या यादीतही बँडवाला हा रकाना नव्हता.

म्हणून माझी मागणी कवितेची नाही. जयंतीचा किंवा लग्नाचा बँड ठरवताना मजुरी लिहून द्या. नोटा फेकू नका, पाकिटात घालून हातात द्या. वाजवणारा पंगतीत, पहिल्या पंगतीत बसला पाहिजे. आणि कार्यक्रमात एक गाणं असं ठेवा, की त्याची निवड वाजवणारे करतील, आणि ते चालू असताना कुणी नाचणार नाही, कुणी वाढणार नाही. नुसतं ऐका.

परवा मास्टरांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, "येवढं सारं नोको लिहू, जेवनाचं तेवढं लिव्ह." मी सगळंच ठेवलं आहे. फाटलेल्या ड्रमवर नवं कातडं चढवलं आहे. सराई सुरू झाली की पहिली ऑर्डर धारणीतच, आपल्याच एका घरची आहे. त्या गाण्याला मास्टर काय निवडतात ते मला ठाऊक नाही. ज्यांना जमेल त्यांनी या.

जय भीम.